आतड्याचा कॅन्सर: आजीचा वेगळा, नातवाचा वेगळा

स्लाइडवाली

फराळाच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहून गेलं की आतड्याचा कॅन्सर म्हणजे साठीनंतरचा आजार, तोही मटण-दारूवाल्या पुरुषांचा. खाली +१ ची रांग. चकल्या आणि अनारशांच्या मध्ये वाद घालणं बरं दिसेना, म्हणून वेगळा धागा काढते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यातच बायोप्सी बघते. पेशंट मला भेटत नाही. माझ्यापुढे येतो तो फॉर्मॅलिनच्या डबीतला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा आणि सोबतचा फॉर्म: वय, स्त्री की पुरुष, तुकडा कुठून घेतला. या तीन रकान्यांवरून काचेखाली काय दिसेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. नाव एकच, 'मोठ्या आतड्याचा कॅन्सर'. पण पंचाहत्तरीच्या आजींच्या पोटातली गाठ आणि तिशीतल्या पोराच्या गुदाशयातली गाठ यांचं वागणं वेगळं, लक्षणं वेगळी आणि काही वेळा औषधंही वेगळी.

आधी ढोबळ चित्र. २०२२ साली जगात या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण सापडले आणि ९ लाख लोक गेले. रुग्णसंख्येत तिसरा नंबर, मृत्यूंत दुसरा. भारतात त्याच वर्षीचा अंदाज ७० हजार नव्या रुग्णांचा. आपली लोकसंख्या बघता हे युरोप-अमेरिकेच्या मानाने बरंच कमी. पुरुषांत जास्त हेही खरं: २०२० च्या जागतिक आकड्यांत, वयाचा फरक समतोल करून, लाख पुरुषांमागे २३, लाख बायकांमागे १६. इथपर्यंत +१ वाल्यांचं बरोबर आहे.

आता गाठींच्या जाती. नव्वद टक्क्यांहून जास्त गाठी ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींपासून निघालेल्या. उरलेल्यांत न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, लिम्फोमा, गिस्ट असे किरकोळ पाहुणे. गुदद्वाराचा कॅन्सर ही निराळीच जात; तो बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि बायकांत जास्त दिसतो. तो इथे आणला तर घोळ होईल, बाजूला ठेवू.

ॲडिनोकार्सिनोमातही उपप्रकार आहेत. नेहमीच्या प्रकारात वेड्यावाकड्या का होईना, ग्रंथी ओळखू येतात. म्युसिनस प्रकारात अर्ध्याहून जास्त गाठ म्हणजे नुसता चिकट द्राव, त्यात तरंगणारे पेशींचे पुंजके. असे शंभरात दहा-पंधरा. तिसरा प्रकार सिग्नेट रिंग. यात तो द्राव पेशीच्या पोटातच साठतो, केंद्रक कडेला ढकललं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. पाश्चात्त्य पुस्तकांत हा शंभरात एखादा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१७ साली आपल्याकडच्या रुग्णांचा लेखाजोखा छापला, त्यात तो शंभरात तेराच्या घरात होता आणि रुग्णांचं सरासरी वय ४७.

हा सिग्नेट रिंग माझ्या नावडत्यांत पहिला. तरुणांत जास्त, आणि लबाड. याच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुट्या सुट्या आतड्याच्या भिंतीत झिरपत जातात. त्यामुळे दुर्बिणीतून बघणाऱ्याला फुगीर गाठ दिसेलच असं नाही, कधी नुसती भिंत जाड आणि ताठ झालेली दिसते. वरवरचा तुकडा घेतला तर माझ्या काचेखाली साधं सुजलेलं अस्तर येतं आणि रिपोर्ट जातो 'कॅन्सर आढळला नाही'. पोटाच्या पडद्यावर पसरण्याची खोडही यालाच जास्त.

दुसऱ्या टोकाला आजी. सत्तरीपुढच्या बाईच्या आतड्यात उजवीकडे, म्हणजे अपेंडिक्सच्या बाजूला, मोठी म्युसिनस गाठ सापडली की आम्ही लगेच एमएमआर, म्हणजे डीएनएची दुरुस्ती चालू आहे का ते, तपासायला टाकतो. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं असतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. सुमारे १५ टक्के गाठींत ही दुरुस्ती बंद पडलेली असते. म्हाताऱ्या बायकांत ती बहुधा वयामुळे बंद पडते: एमएलएच१ च्या जनुकावर रासायनिक कुलूप बसतं, जोडीला बरेचदा बीआरएएफ जनुकातला बदल. हा प्रकार आनुवंशिक नाही. नेमकी हीच दुरुस्ती पस्तिशीतल्या माणसात बंद पडलेली दिसली तर मात्र संशय लिंच सिंड्रोमचा, म्हणजे दुरुस्तीचं जनुकच घराण्यातून बिघडलेलं आल्याचा. काचेखाली दोघांच्या गाठी जवळपास सारख्या. वय बघितल्यावर अर्थ पार बदलतो.

म्हणून म्हणते, 'म्हाताऱ्या पुरुषांचा आजार' हे वाक्य निम्म्या लोकांना गाफील ठेवतं. विचारा काय विचारायचं ते. फक्त रिपोर्टचे फोटो टाकू नका, नावं दिसतात.

हडपसरकर

ताई, हा धागा दोन वर्षं आधी यायला हवा होता. माझा मेहुणा, तेहतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी. शौचाला रक्त जायला लागलं. बसून काम, वेळीअवेळी खाणं, म्हणजे मूळव्याधच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. यात मीही आलो. एका क्लिनिकमध्ये गेला तर खुर्चीवर बसल्या बसल्या मलम आणि चूर्ण लिहून दिलं. तपासलं नाहीच. त्यानेही सुटल्यासारखं केलं, कारण तपासणीचीच धास्ती होती. पुढे कित्येक महिने तेच मलम. मग वजन उतरलं, सारखं जावंसं वाटायचं आणि गेलं की काही नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी ग्लोव्ह घालून बोट घातलं आणि त्यांचा चेहराच बदलला म्हणे. गाठ बोटाला लागत होती. गुदाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. किमो, रेडिएशन, ऑपरेशन सगळं झालं. शौचाची पिशवी लावली होती, ती नंतर काढली. सध्या बरा आहे, तीन महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी आणि स्कॅन असतो.

रागावायचं कुणावर तेच कळत नाही.

स्लाइडवाली

हडपसरकर, तो बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. तुम्ही लिहिलंत ते तरुणांच्या आजाराचं अगदी नमुनेदार चित्र आहे. पन्नाशीच्या आतल्या बहुतेकांची गाठ डावीकडे किंवा गुदाशयात असते, म्हणजे रक्त दिसतं, लाल दिसतं, लवकर दिसतं. खरं तर हे नशीबच. पण वय तिशीचं असल्यामुळे ते मूळव्याधीच्या खात्यावर जमा होतं. 'सारखं जावंसं वाटणं आणि पोट साफ न होणं' हे लक्षण मूळव्याधीचं नव्हे, गुदाशयात काहीतरी जागा अडवून बसल्याचं आहे. ते सांगितलं तर डॉक्टरांनी तपासलंच पाहिजे. नाही तपासलं तर आपण म्हणायचं, "तपासा." पुण्यात इतर सगळीकडे आपण भांडतोच की.

वैद्य_वाकडेवाडी

मी आयुर्वेदाचा. आता चूर्णवाल्यांवर गाडी येणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहितो. अर्श, म्हणजे मूळव्याध, म्हणून आलेल्या माणसाला गुदपरीक्षण न करता औषध देणं आमच्या शास्त्रातही बसत नाही. अर्शोयंत्राचं वर्णन सुश्रुतात आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'बिनऑपरेशन खात्रीशीर' म्हणून रंगवणारे आमच्यात धरू नका. बाकी धागा उत्तम. रक्त जातंय आणि मूळव्याधही सापडली, एवढ्यावर शोध थांबवू नये हे माझ्याकडून जोडतो. मूळव्याध इतकी कॉमन आहे की ती आणि कॅन्सर एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

शंकासुर

नेहमीप्रमाणे एक शंका. टाटामध्ये सरासरी वय ४७, अमेरिकेत साठीच्या पुढे. यावरून 'भारतीयांना हा आजार लवकर होतो' असं व्हॉट्सॲपवर फिरतं. पण आपला देशच तरुण आहे. निम्मे लोक तिशीच्या आतले. शंभर तरुण आणि दहा म्हातारे असलेल्या गावात कुठल्याही आजाराचं सरासरी वय खालीच येणार ना? शिवाय टाटा म्हणजे लांबून प्रवास करू शकणाऱ्यांचं हॉस्पिटल. सत्तरीचे आजोबा गावीच राहत असतील.

स्लाइडवाली

शंकासुर, शंका रास्त आहे आणि बहुतांशी खरी आहे. एका हॉस्पिटलचे आकडे म्हणजे देशाचे आकडे नव्हेत. त्यासाठी लोकसंख्येवर आधारित नोंदण्या लागतात. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून आहे, पुण्यात त्यानंतर सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली आपल्या बार्शीची, १९८७ ची. त्यांच्यात वयोगटानुसार दर बघितला तर आपल्याकडेही वय वाढेल तसा धोका वाढतोच. तिशीतल्या माणसापेक्षा साठीतल्याला धोका कितीतरी जास्त, इथेही.

फरक असा की आपल्या म्हाताऱ्यांत हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा खूपच कमी आहे. तरुणांतला फरक त्या मानाने थोडा. म्हणजे वरचा मजला रिकामा असल्यामुळे तळमजला भरलेला वाटतो. त्यामुळे 'भारतीय तरुणांत साथ आलीय' असं मी म्हणणार नाही. मात्र ओपीडीत समोर बसलेल्या तिशीतल्या माणसाला या गणिताचा काही उपयोग नाही. त्याचं रक्त कुठून येतंय ते बघावंच लागतं.

सिग्नेट रिंगचं जास्त प्रमाणही काही अंशी याच गणितातून येतं, कारण तो प्रकार तरुणांत जास्त. सगळं त्यातून सुटतं असं मला वाटत नाही, पण पैज लावणार नाही.

अनघा_न

माझ्या आईला रक्त कधी दिसलंच नाही. वय एकाहत्तर, कोथरूडला एकटी राहते, रोज हनुमान टेकडी. मागच्या वर्षी टेकडी बंद झाली, दम लागतो म्हणाली. ईसीजी झाला, टूडी एको झाला, सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, अळीव, जे जे म्हणून सांगितलं ते सगळं. नऊवर गेलं आणि गोळ्या थांबवल्यावर परत घसरलं. "या वयात बायकांचं कमीच असतं" हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं, त्यातल्या एक माझ्या सासूबाई. शेवटी माझ्या भावाच्या मित्राने, तो भूलतज्ज्ञ आहे, विचारलं, "पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं लोह जातंय कुठे?" कोलोनोस्कोपी केली, म्हणजे खालून दुर्बीण. सीकममध्ये, मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, लिंबाएवढी गाठ.

स्लाइडवाली

अनघा, तो भूलतज्ज्ञ हुशार आहे. त्याचं वाक्य प्रत्येक दवाखान्यात लावायला हवं.

उजवीकडे असं का होतं ते सांगते. लहान आतड्यातून येणारा मजकूर तिथे पातळ असतो आणि आतडंही रुंद, त्यामुळे गाठ भरपूर वाढली तरी अडथळा होत नाही. ती थेंब थेंब पाझरत राहते. रक्त डावीकडे पोचेपर्यंत शीमध्ये मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. लोह मात्र रोज जात राहतं. डावीकडे आतडं अरुंद आणि मजकूर घट्ट, म्हणून तिथली गाठ लवकर बोंब मारते: बद्धकोष्ठ, बारीक शी, लाल रक्त. गर्भात असतानाही या दोन बाजू वेगवेगळ्या भागांपासून बनतात, त्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्याही दोन वेगळ्या.

वय वाढतं तशी उजवीकडच्या गाठींची टक्केवारी वाढते, आणि बायकांत ती पुरुषांपेक्षा जास्त असते. म्हणजे ज्यांचं हिमोग्लोबिन कमी असणं घरादाराला आणि डॉक्टरांनाही 'चालायचंच' वाटतं, त्यांच्यातच हा आजार फक्त हिमोग्लोबिनमधून बोलतो. पाळी गेलेल्या बाईत किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषात लोह कमी असल्यामुळे ॲनिमिया झाला असेल तर वरून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालून बघणं हा नियम आहे.

आईच्या रिपोर्टवर एमएमआर लिहिलंय का?

अनघा_न

हो. 'एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस', आणि बीआरएएफ पॉझिटिव्ह. मला वाचून धडकीच भरली होती.

स्लाइडवाली

उलट. म्हणजे बहुतेक ते वयाचं कुलूप, घराण्याचं नव्हे. तुला आणि भावाला लिंचची काळजी करायचं कारण बहुधा नाही, तरी ऑन्कॉलॉजिस्टकडून तेवढं वाक्य तोंडी ऐकून घे. आणि अशा गाठी दुसऱ्या स्टेजमध्ये सापडल्या तर इतरांपेक्षा बऱ्या वागतात.

निवृत्त_कारकून

आमच्या घरात चार पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. आम्हाला या धाग्यातून सूट आहे असं समजावं काय?

कात्रीवाला

काका, सूट नाही, फार तर सवलत. (मी सर्जन, पोटाचाच.) प्रक्रिया केलेलं मांस, सॉसेज-सलामी वगैरे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली कॅन्सरकारक म्हणून नोंदवलं, ते खरं. चोथा खाणाऱ्यांना धोका कमी, तेही खरं. पण चातुर्मास पाळणारा माणूस उरलेले आठ महिने फरसाण, जिलबी आणि आरामखुर्चीवर काढत असेल तर आतड्याला त्याची जात कळत नाही. पोटाचा घेर, तंबाखू, दारू, बसून राहणं, हे सगळं हिशेबात येतं. माझ्या ऑपरेशन टेबलावर शुद्ध शाकाहारी नेमाने येतात.

स्लाइडवालीताईंनी उजवं-डावं सांगितलं, त्याला औषधाची बाजू जोडतो. पसरलेल्या आजारात सेटुक्सिमॅबसारखी औषधं आरएएस जनुक ठीक असलेल्या डाव्या बाजूच्या गाठींवर चांगली चालतात. उजवीकडे, जनुक ठीक असूनही, फारसा फायदा देत नाहीत. उलट दुरुस्ती बंद पडलेल्या गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी औषधं, चालते. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने अशा गुदाशयाच्या १२ रुग्णांना नुसतं डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, ना रेडिएशन ना ऑपरेशन. पेपरात 'कॅन्सरवर रामबाण औषध' म्हणून आलं होतं ते हेच. त्यानंतर पेशंट कात्रण घेऊन यायचे. त्यांना सांगावं लागायचं की गुदाशयात अशी गाठ शंभरात पाच-दहा जणांचीच. पण तुम्ही त्या पाच-दहांत आहात की नाही हे तपासल्याशिवाय कसं कळणार? म्हणून प्रत्येकाच्या बायोप्सीवर एमएमआर करून घ्या. ऑपरेशनच्या आधी. माझ्या पोटावर पाय येईल, चालेल.

एक जाता जाता: बायकांची कोलोनोस्कोपी जरा किचकट असते. उंची कमी असूनही मोठं आतडं सरासरीने लांब, ओटीपोटात वेटोळी जास्त, त्यात आधीची सिझेरियन किंवा गर्भपिशवी काढल्याची चिकटलेली जागा. दुर्बीण सीकमपर्यंत पोचली का, हे रिपोर्टमध्ये वाचा. नसेल पोचली तर बायकांची नेमकी तीच बाजू बघायची राहते.

रविवारची_मिसळ

कोलोनोस्कोपीची तयारी हा खरा छळ असतो. दुर्बिणीचं काही नाही, झोपवतात. ती पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची, खारट-चिकट, दर दहा मिनिटांनी एक ग्लास. गार करून प्या, स्ट्रॉने प्या, मधे लिंबू सरबत घ्या. आमच्या ह्यांनी उत्साहाने कोकम सरबत घेतलं आणि सिस्टरांची बोलणी खाल्ली.

कात्रीवाला

बरोबरच आहे. लाल-जांभळं काही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. कोकम, बीट, डाळिंब, कलिंगड सगळं बंद. आधीचे दोन-तीन दिवस पेरू, टोमॅटो, तीळ, खसखसही नको, बिया दुर्बिणीची नळी चोंदवतात. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायच्या, नाहीतर आत सगळं काळं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने थांबवू नका, विचारा.

शनवारातली

वाचताना पोटात गोळा आला. आमच्याकडे बाबांना बेचाळिसाव्या वर्षी आतड्याचा झाला, तेव्हा मी शाळेत होते. आत्याला गर्भाशयाचा, पन्नाशीच्या आत. आजोबा 'पोटाच्या विकाराने' गेले एवढंच सगळे सांगतात. मी आता छत्तीसची. स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्याचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की वडिलांकडून कसं येईल, आईकडचं बघा. हे बरोबर आहे का?

स्लाइडवाली

नाही. हे साफ चूक आहे. लिंचचं जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं, प्रत्येक मुला-मुलीला निम्मी शक्यता.

तुझी कहाणी वाचून मला अमेरिकेतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची आठवण झाली, पॉलिन ग्रॉस. १८९५ साली तिने ॲन आर्बरच्या अल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला सांगितलं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिनने तिच्या घराण्याची वंशावळ मांडून १९१३ मध्ये छापली. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १९६६ मध्ये हेन्री लिंचने तशाच घराण्यांवर लिहिलं आणि नाव त्याचं लागलं. पॉलिनचं लागायला हवं होतं, असं माझं मत.

पुढे १९९० मध्ये तज्ज्ञांनी ढोबळ निकष ठरवला: एकाच घरातले तीन जवळचे नातेवाईक, दोन पिढ्या, त्यातला किमान एक पन्नाशीच्या आत. सुरुवातीला त्यात फक्त आतड्याचा कॅन्सर मोजायचे, नंतर गर्भाशयाचाही धरू लागले. आजोबांचा विकार खरंच आतड्याचा असेल तर तुझं घर त्यात जवळजवळ बसतं. लिंचमध्ये पुरुषांना आतड्याचा धोका बायकांपेक्षा जास्त, पण बायकांना गर्भाशयाचा धोका इतका की काही घरांत तोच आधी येतो. म्हणून बायकांच्या बाबतीत आतड्याचा डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं. एरवी ते बोलत नाहीत.

जेनेटिक काउन्सेलरला भेट. लिंच निघालं तर कोलोनोस्कोपी वर्षा-दोन वर्षांनी, आणि ती विशी-पंचविशीपासून करतात, म्हणजे तुझा उशीर झालाच आहे. नाही निघालं तरी वडिलांना बेचाळिसाव्या वर्षी झाला, म्हणजे तुझी पहिली कोलोनोस्कोपी दहा वर्षं आधी, बत्तिसाव्याच वर्षी, व्हायला हवी होती.

उगाच_एक

पण मुळात तरुणांत वाढतोय का? हॉलिवूडचा नट चॅडविक बोसमन याच कॅन्सरने ४३ व्या वर्षी गेला तेव्हापासून डोक्यात आहे. सिक्स पॅकवाला माणूस.

स्लाइडवाली

अमेरिका-युरोपात वाढतोय, यात वाद नाही. अमेरिकेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना, १९५० च्या सुमारास जन्मलेले त्याच वयात असताना होता त्याच्या दुप्पट आतड्याचा आणि चौपट गुदाशयाचा धोका आहे. म्हणून तिथे सरसकट तपासणीचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं.

कारण अजून पक्कं नाही. लठ्ठपणा सगळं सांगत नाही, तुमचा सिक्स पॅकवाला बघा. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचा डीएनए वाचला, त्यात भारत नव्हता. काही ई. कोलाय जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष करतात, त्याचे डीएनएवर विशिष्ट व्रण राहतात. चाळिशीच्या आतल्यांत ते व्रण सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त वेळा सापडले. आणि ते लहानपणीच, दहाच्या आत, पडलेले असावेत असं दिसतं. हा सुगावा मला फार मोहवतो, पण एवढ्यावरून प्रोबायोटिकचे डबे विकत घेऊ नका.

हॉटफ्लॅश_हिराबाई

पाळी गेल्यावर हॉर्मोन घ्यावेत का यावर आमच्या भिशीत दोन तट आहेत. बायकांना हा कॅन्सर कमी, तो इस्ट्रोजेनमुळे का?

कात्रीवाला

काही अंशी तसं दिसतं. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या बायकांत आतड्याचा कॅन्सर स्पष्ट कमी झाला, पण ज्यांना झाला त्यांचा जास्त पसरलेला सापडला. स्तनाच्या कॅन्सरचा आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढला तो वेगळाच. आतड्यासाठी म्हणून हॉर्मोन घेऊ नयेत. भिशीत सांगा, दोन्ही तट अर्धे बरोबर.

हडपसरकर

खर्चाचं कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो. मेहुण्याचा कंपनीचा विमा होता. पण आमच्या शेजाऱ्यांचं महात्मा फुले योजनेतून झालं, किमो आणि ऑपरेशन दोन्ही. योजनेतलं हॉस्पिटल आहे का ते आधी बघा, तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. रेशनकार्ड आणि आधार लगेच लागतं.

शनवारातली

धन्यवाद ताई, बाबांच्या फाइलमधून तेव्हाचा रिपोर्ट शोधला. एमएमआर वगैरे काहीच लिहिलेलं नाही, फक्त 'ॲडिनोकार्सिनोमा, असेंडिंग कोलन'. बाबा आता नाहीत. आता तपासता येईल का?

स्लाइडवाली

कदाचित येईल. ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात जा, रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर सांग आणि 'पॅराफिन ब्लॉक' माग. मेणात घट्ट बसवलेला गाठीचा तुकडा असतो, काडेपेटीपेक्षा लहान. सगळी हॉस्पिटलं इतकी वर्षं ठेवत नाहीत, पण काही जुनी हॉस्पिटलं ठेवतात. मुलगी असल्याचा पुरावा आणि अर्ज लागेल. मिळाला तर त्यावर चारही प्रथिनांची तपासणी होऊ शकते, जुन्या ब्लॉकवर रंग कधी कधी फिका येतो इतकंच. ब्लॉक नेताना पर्समध्ये ठेव, उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नकोस, मेण वितळतं. आणि लॅबला देताना पोच घे, ब्लॉक परत मागून हॉस्पिटलला जमा कर.

ब्लॉक नाही मिळाला तर आत्याच्या ऑपरेशनचा शोध. तोही नाही तर तुझ्या रक्तावरून जनुकांची तपासणी होते. पण तुझी कोलोनोस्कोपी यातल्या कशासाठीही थांबवू नकोस.

शनवारातली

गुरुवारची वेळ मिळाली आहे. कोकम बंद केलं.